दिव्यांग हक्कांच्या वकिलीची सुरुवात : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

कायद्याची पदवी हाती आली आहे, दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करायचे हेही ठरले आहे, पण सुरुवात कोठून करावी हे सांगणारे कोणी नाही, अशा नव्या वकिलांसाठी आखलेला एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या धर्तीचा कोणताही अभ्यासक्रम निवडताना काय पारखून घ्यावे, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते. माझे मत आधीच नोंदवतो : यातील कायद्याचे शिक्षण चांगले आहे, अशिलाशी कसे वागावे याचे शिक्षण त्याहून चांगले आहे, आणि वकिलाच्या पोटापाण्याविषयी मात्र अभ्यासक्रम जवळजवळ मौन पाळतो.

पायाभूत भाग दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर बेतलेला आहे. १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेला आणि ३ मे २००८ पासून अमलात आलेला हा ५० कलमांचा करार पहिल्यापासून शेवटपर्यंत घोकून घेण्याऐवजी शिक्षकांनी दुसऱ्या कलमातील ‘वाजवी सोय’ या संकल्पनेवर बराच काळ मुक्काम केला, आणि ते योग्यच झाले. एखाद्या व्यक्तीला विशिष्ट प्रसंगी लागणारा, समोरच्यावर अवाजवी भार न टाकणारा बदल म्हणजे वाजवी सोय, आणि ती नाकारणे हाच भेदभाव. सर्वसाधारण सुलभता ही मात्र कोणी मागण्याची वाट न पाहता आधीच तयार असावी लागते, आणि तेथे भाराची सबब चालत नाही. या दोहोंची गल्लत करून लिहिलेल्या दाव्यात, साध्या रॅम्पच्या प्रकरणातही, ‘खर्च झेपत नाही’ हा बचाव प्रतिपक्षाला आयताच मिळतो. हा फरक उदाहरणांसह इतक्या नेटकेपणाने समजावलेला मी अन्यत्र पाहिला नाही.

न्यायनिवाड्यांची निवडही विचारपूर्वक केली आहे. हंगेरीतील दोन दृष्टिबाधित बँक ग्राहक इतरांइतकेच शुल्क भरत होते, तरी एटीएम त्यांना कोणाच्या मदतीशिवाय वापरता येत नव्हते. देशांतर्गत न्यायालयांत त्यांना पुरता दिलासा मिळाला नाही, आणि २०१३ साली करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने सुलभतेच्या नवव्या कलमाचा भंग झाल्याचा निष्कर्ष काढला. त्याच्या जोडीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ चा ओल्मस्टेड निवाडा शिकवला जातो, ज्यात कारण नसताना एखाद्या दिव्यांग व्यक्तीला निवासी संस्थेत डांबून ठेवणे हा भेदभाव ठरवला गेला. ‘रायटर्स क्रॅम्प’ (लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याचा विकार) असलेल्या परीक्षार्थीला लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य करणारा भारतीय सर्वोच्च न्यायालयाचा २०२१ चा विकास कुमार निवाडाही त्यात आहे. शिक्षक निकालापाशी थांबत नाहीत. वकिलाने नेमकी कोणती मागणी केली होती, हे ते आधी शोधायला लावतात.

अभ्यासक्रमाचा खरा कस लागतो तो मुलाखतीच्या सरावात. पहिल्या सरावात अशील बधिर असून सोबत सांकेतिक भाषेचा दुभाषी असतो. बहुतेक नवे वकील दुभाष्याकडे पाहून ‘यांना विचारा, घटना कधी घडली?’ असे म्हणतात, आणि शिक्षिका तेथेच थांबवतात. प्रश्न थेट अशिलाला विचारायचा, नजर त्याच्याकडे ठेवायची, दुभाष्याला आपल्या शेजारी बसवायचे, म्हणजे अशिलाला दोघेही एकाच दिशेला दिसतात, आणि आपल्या पाठीमागे उजेडाची खिडकी नाही याची खात्री करून घ्यायची. दुभाषी वाक्याच्या मागून येत असल्यामुळे उत्तराआधीची शांतता सहन करावी लागते. बोलक्या वकिलाला हेच सर्वांत जड जाते.

दुसऱ्या सरावात बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुणीऐवजी तिचा थोरला भाऊच प्रत्येक उत्तर देतो, आणि फीसुद्धा तोच भरणार असतो. सूचना कोणाच्या घ्यायच्या? दिव्यांग व्यक्तीचा स्वतःचे कायदेशीर निर्णय घेण्याचा समान हक्क मान्य करणारे कराराचे बारावे कलम आणि त्याचा अर्थ उलगडणारी समितीची २०१४ ची पहिली सामान्य टिप्पणी यांच्या आधारे उत्तर मिळते : अशील ती आहे, तिच्याशी आधी एकटीशी बोलावे, आणि भाऊ खोलीत हवा की नको हे तिलाच विचारावे. येथवर सारे पटते. मात्र जेथे सज्ञान दिव्यांग व्यक्तीच्या वतीने निर्णय घ्यायला पालक नेमणारे कायदे अजून लागू आहेत आणि न्यायालय पालकाची सही मागते, तेथे अशिलाची इच्छाही राखायची आणि अर्ज तांत्रिक कारणावरून फेटाळलाही जाऊ द्यायचा नाही, हे कसे साधावे, या प्रश्नाला शिक्षकांनी बगल दिली. रोजच्या कामात हाच पेच पुन्हा पुन्हा येणार असल्यामुळे ही उणीव मला मोठी वाटते.

अभ्यासक्रमाची स्वतःची सुलभता हा तर तक्रारीचाच विषय आहे. काही निवाडे स्कॅन केलेल्या चित्रांच्या रूपात दिल्याने स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ते वाचताच येत नव्हते. एका दृष्टिबाधित सहाध्यायीने मागणी केल्यावर संस्थेने वाचता येईल अशी प्रत पाठवली, पण तोवर त्या निवाड्यावरची चर्चा उरकली होती. व्हिडिओंची कॅप्शन यंत्राने तयार केलेली असून त्यांत कायद्याच्या संज्ञांचा चक्क चुराडा होतो. सुलभता मागण्याआधीच हवी, असे पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्यांकडून हे अपेक्षित नव्हते.

उपजीविकेवरील सत्र सेवाभावाच्या गौरवात संपले. नोकरीतील भेदभाव, विमा आणि निवृत्तिवेतनाचे दावे, शाळाप्रवेश, मोफत कायदेशीर साहाय्याची कामे यांची सांगड घालून पहिली काही वर्षे कशी काढावीत, हे एखाद्या व्यवसायात मुरलेल्या वकिलाने तासाभरात सांगितले असते, तर बरे झाले असते. त्यामानाने कराराच्या न्याय मिळवण्याच्या हक्काविषयीच्या तेराव्या कलमाखाली न्यायालयाकडे कार्यपद्धतीतील सोयी मागण्याच्या अर्जाचा मसुदा हातात मिळतो, ही भरपाई मोठी आहे. तो मसुदा मी कामासाठी जपून ठेवला आहे.

दावा दाखल करण्याची प्राथमिक प्रक्रिया ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीच प्रवेश घ्यावा. इतरांची पहिल्या सत्रातच दमछाक होईल. पैसे भरण्यापूर्वी संयोजकांना दोन गोष्टी लेखी विचाराव्यात : साहित्य स्क्रीन रीडरवर तपासले आहे का, आणि शिकवणाऱ्यांत स्वतः दिव्यांग असलेले वकील किती आहेत.