चुना की रेझिन? निकेल-क्रोम प्लेटिंगच्या पाण्याचा हिशेब

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत छोटी प्लेटिंग शेड चालवणारे हल्ली एकच विचारतात: सांडपाण्यातला धातू काढायला चुन्याची जुनी ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) नीट करून घेऊ की रेझिनचा, म्हणजे धातू धरणाऱ्या मण्यांचा, कॉलम लावू? माझं मत आधीच सांगून टाकतो. सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच खड्ड्यात पडत असेल, तर चुनाच बरा. निकेलच्या धुण्याचं पाणी वेगळ्या पाइपने काढता येत असेल, तर तेवढ्या पाण्याला रेझिन लावा आणि बाकीचं चुन्याला द्या.

चुन्याचं काम साधं आहे. पीएच वाढवला की धातू हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतो. पण प्रत्येक धातूचा पीएच वेगळा. क्रोमियम 8 ते 9 च्या आसपास छान बसतं, निकेलला 10 च्या वर जावं लागतं, आणि तिथवर गेलात की क्रोमियम आणि जस्त परत विरघळू लागतात. एकाच खड्ड्यात सगळं असलं की कुणाला तरी झुकतं माप द्यावं लागतं. त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोम प्लेटिंगमधलं त्याचं विषारी रूप) चुन्याला अजिबात दाद देत नाही. आधी आम्ल घालून पीएच 2 ते 3 वर आणायचा, मेटाबायसल्फाइट टाकून ते चुन्याने बसणाऱ्या रूपात आणायचं, पिवळं पाणी हिरवट झालं की मग चुना. ही पायरी घाईत उरकली की नमुना नापास झालाच समजा. बाहेर सोडायच्या पाण्यात निकेलची मर्यादा लिटरला 3 मिलिग्रॅम आहे. हेक्साव्हॅलंट क्रोमियमची फक्त 0.1.

चुन्याचा खरा खर्च गाळात आहे. फिल्टर प्रेसमधून दाबून निघालेल्या गाळाच्या वडीतही अर्ध्याहून जास्त पाणीच असतं आणि पैसे वजनावर मोजावे लागतात. हा घातक कचरा 90 दिवसांपेक्षा जास्त शेडमध्ये ठेवता येत नाही, तो बुटीबोरीच्या केंद्राकडे पाठवावा लागतो. जुलै-ऑगस्टच्या पावसात उघड्या बेडवर तो वाळतच नाही.

आता रेझिन. हे प्लास्टिकचे बारीक मणी. धातूचा आयन धरतात आणि बदल्यात सोडियम किंवा हायड्रोजन सोडतात. पुरवठादार बरेचदा पाणी मऊ करायचं साधं कॅटायन रेझिन दाखवतो, कारण ते स्वस्त. इथेच फसगत होते. समजा तुमच्या बोअरच्या पाण्याची कठीणता 300 मिलिग्रॅम आहे आणि धुण्याच्या पाण्यात निकेल 50 मिलिग्रॅम आहे. मिलिसमतुल्यात, म्हणजे रेझिनवरच्या जागांच्या हिशेबाने, मोजलं तर कॅल्शियम-मॅग्नेशियम 6 आणि निकेल जेमतेम 1.7. म्हणजे रेझिनच्या बहुतेक जागा निरुपद्रवी कॅल्शियम अडवून बसणार. यावर उपाय म्हणजे चिलेटिंग रेझिन, इमिनोडायअसेटिक जातीचं. ते कॅल्शियम बाजूला ठेवून तांबं आणि निकेल उचलतं. महाग आहे, पण निकेलसाठी मी तेच घ्या म्हणेन.

अंदाज करून बघा. रोज 5,000 लिटर पाणी, निकेल 50 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 250 ग्रॅम. लिटरभर रेझिन 30 ग्रॅम निकेल धरतं असं मानलं तर 100 लिटरच्या कॉलमला 3 किलो, म्हणजे 12 दिवस. मग सल्फ्युरिक आम्लाने धुवायचं, कॉस्टिकने परत तयार करायचं.

आणि पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही: ते 3 किलो निकेल गेलं कुठे? रेझिन धातू संपवत नाही, फक्त गोळा करतं. दोन-तीनशे लिटर आम्लात ते लिटरला 10 ते 15 ग्रॅमने उतरतं. प्लेटिंगच्या बाथमध्ये, म्हणजे मूळ टाकीतल्या द्रावणात, ते 60 ग्रॅमच्या वर असतं, शिवाय हे द्रावण आम्लयुक्त आणि त्यात तांब्याची भेसळ. तसंच ओतलं तर प्लेटिंग काळं पडेल. निकेल कार्बोनेटने आम्ल मारून, तांबं काढून, बाष्पीभवनाने पातळी उतरलेल्या बाथमध्ये थोडं थोडं भरता येतं. हे करणारा माणूस शेडमध्ये नसेल किंवा द्रावण घेणारा अधिकृत खरेदीदार नसेल, तर शेवटी ते चुन्यातच जाणार. मग रेझिनवर पैसे घालू नका.

क्रोमच्या पाण्याला हे रेझिन चालत नाही: ते धन आयन धरतं आणि त्या पाण्यातलं क्रोमेट ऋण आयन आहे. त्याला ॲनायन (ऋण आयन धरणारं) रेझिन लागतं आणि क्रोमेट त्या रेझिनलाच हळूहळू जाळतं. लहान शेडने या वाटेला जाऊ नये. सायनाइडच्या बाथचं पाणी तर कशातच मिसळू नका. आधी सायनाइड मोडा. आम्लाशी गाठ पडली की विषारी वायू निघतो. आरओबद्दल एवढंच: त्याचंही धातू साठलेलं दाट पाणी मागे उरतंच.

तेल आणि गाळ रेझिनला मारतात, म्हणून आधी वाळूचा आणि कोळशाचा फिल्टर हवाच. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक काळजी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली मी एक पोतं तोंड उघडं ठेवून विसरलो होतो. मणी वाळले, आणि साधं पाणी पडताच तडकून चुरा झाला. वाळलेलं रेझिन आधी मिठाच्या दाट पाण्यात भिजवायचं असतं.

दोन्हीच्या आधी एक काम करा. माल टांगलेला रॅक बाथवर निथळू द्या आणि धुण्याच्या दोन टाक्या उलट प्रवाहाने जोडा, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत घालून तिथून पहिलीत येऊ द्या. पाणी कमी लागेल, कॉलम लहान पुरेल. नाग नदी कन्हानला मिळते, पुढे वैनगंगा, पुढे गोसीखुर्द. वाटेत तेच पाणी भाजीच्या वावरात जातं. निकेल बाथमध्येच राहिलं तर ते तिथवर पोहोचणार नाही.