जुन्या सर्व्हरच्या झिऑनवर बनवलेला गेमिंग पीसी : नागपूरचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

दिवाळीच्या आसपास हा पीसी उभा केला. त्यानंतर हिवाळा गेला, अख्खा उन्हाळा गेला, आता पावसाळा पण निघून चालला, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही, काहून की नवीन मशीन पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच आवडते, खरी परीक्षा मे महिन्यात होते. आधीच सांगतो, मशीन मला आवडली आहे आणि रोज वापरून राहिलोय. पण "सर्व्हरचा प्रोसेसर घ्या, इतके कोअर इतक्या स्वस्तात" असं जे सगळीकडे ऐकू येतं त्यातला कोअरचा (म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एकेका स्वतंत्र कामकऱ्याचा) भाग गेमिंगसाठी फारसा खरा नाही, आणि त्याच्यासाठीच एवढं लांबलचक लिहून राहिलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डेटा सेंटरवाले काही वर्षांनी सर्व्हर बदलतात आणि त्यातून निघालेले प्रोसेसर आणि रॅम ढिगाने सेकंडहँड बाजारात येतात. झिऑन म्हणजे इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर. यातली सध्या घेण्यासारखी पिढी म्हणजे झिऑन ई५ व्ही३ आणि व्ही४, एक आली सप्टेंबर २०१४ मध्ये आणि दुसरी मार्च २०१६ मध्ये. दोन्ही एलजीए २०११-३ सॉकेटच्या (सॉकेट म्हणजे बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा), दोन्हींना डीडीआर४ रॅम. याच्या आधीच्या व्ही१ आणि व्ही२ अजून स्वस्त मिळतात, पण त्या घेऊ नका. त्यांच्यात एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या जादा सूचनांचा एक संच) नाही आणि काही नवीन गेम त्याच्याशिवाय चालूच होत नाहीत. पाचशे-हजार वाचवायला जाल आणि गेम डाउनलोड करून बसाल.

माझं कॉन्फिगरेशन असं : झिऑन ई५-२६६७ व्ही४, एक्स९९ नावाने मिळणारा चायनीज बोर्ड, ३२ जीबी सर्व्हर रॅम आठ-आठच्या चार स्टिक, आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड सेकंडहँड, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि नवीन ६५० वॉटचा पॉवर सप्लाय. बोर्ड, प्रोसेसर, रॅम दिल्लीच्या एका सर्व्हर-स्क्रॅपवाल्याकडून कुरिअरने मागवले, कॅबिनेट आणि पॉवर सप्लाय बर्डीवरून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) घेतला. सगळं मिळून पस्तीस हजारांच्या आसपास गेलं, मॉनिटर घरचाच होता. पॉवर सप्लाय नवीनच घ्या हो, इथे हात आखडू नका. सर्व्हरचा पॉवर सप्लाय पण स्वस्त मिळतो, पण तो मुख्यतः १२ व्होल्टच देतो आणि त्याला जुगाड करून साध्या बोर्डला जोडणं घरात करायचं काम नाही.

आता कोअरचा विषय. माझा मामेभाऊ आर्किटेक्चर करतो, त्याने त्याच दिल्लीवाल्याकडून ई५-२६८० व्ही४ घेतला, म्हणजे १४ कोअर २८ थ्रेड (एकेक कोअर दोन कामं सोबत ओढतो, तेच थ्रेड). माझा ८ कोअर १६ थ्रेड. त्याचा माझ्यापेक्षा स्वस्त मिळाला, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की त्याचाच सौदा भारी. फरक कुठे आहे तर स्पीडमध्ये. त्याचा बेस म्हणजे हमखास मिळणारा वेग २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो म्हणजे जास्तीत जास्त वेग ३.३, आणि सगळे कोअर कामाला लागले की २.९ वर येतो. माझा बेसच ३.२ आहे, टर्बो ३.६, आणि गेम खेळताना बहुतेक वेळ ३.५ च्या आसपास टिकून राहतो. नवा असताना हा चिप दोन हजार डॉलरच्या वर होता, आता एका चांगल्या माऊस-कीबोर्डच्या पैशात येतो.

एका रात्री दोन्ही चिप माझ्याच बोर्डवर, त्याच कार्डवर, त्याच रॅमवर लावून पाहिले. जीटीए ५ मध्ये शहराच्या मधोमध ट्रॅफिकमध्ये गाडी घातली आणि दुसऱ्या मॉनिटरवर टास्क मॅनेजर उघडा ठेवला. मामेभावाच्या चिपवर २८ डबे दिसतात, प्रत्येक थ्रेडचा एक, त्यातले दोन-तीन वरपर्यंत भरलेले, पाच-सहा अर्धवट, आणि बाकी सगळे तळाशी पडून. ग्राफिक कार्ड साठ-पासष्ट टक्क्यांवर, म्हणजे कार्ड रिकामं बसून आहे आणि प्रोसेसरची वाट बघून राहिलं आहे. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) सत्तरच्या खाली यायचे आणि वळणावर झटका बसायचा. माझ्या चिपवर त्याच रस्त्यावर पंच्याऐंशी-नव्वद, आणि झटके नाहीसारखेच. मग ब्लेंडरमध्ये त्याच्याच प्रोजेक्टचा एक सीन प्रोसेसरवर रेंडर केला तर उलटं झालं, त्याचा चिप सरळ पुढे निघून गेला. हिशोबच तसा आहे, १४ गुणिले २.९ म्हणजे ४०.६ आणि ८ गुणिले ३.५ म्हणजे २८. रेंडरमध्ये सगळे कोअर राबतात म्हणून तिथे बेरीज कामाची, गेममध्ये एक-दोन थ्रेडवर सगळा भार असतो म्हणून तिथे एकेका कोअरचा वेग कामाचा. लग्नाच्या पंगतीत वाढपी चौदा असले तरी भाताचं भांडं एकच असेल तर पंगत त्या भांड्याच्या वेगानेच उठणार.

म्हणून गेमिंगसाठी या सॉकेटवर घ्यायचं असेल तर यादीत कोअर बघू नका, गिगाहर्ट्झ बघा. २६६७ व्ही४ चांगला, १६५० व्ही३ पण चांगला, तो सहा कोअरचा आहे पण ३.५ बेस आणि ३.८ टर्बो, आणि त्याचा मल्टिप्लायर लॉक नाही, म्हणजे वेग आपल्याला वाढवता येतो.

बाकी गेम सांगायचे तर सगळं १०८० पीवर खेळतो. सायबरपंक मध्यम-हाय मिक्स सेटिंगवर साठच्या आसपास, कारण तो गेम कोअर नीट वापरतो. फोर्झा होरायझन ५ एकदम मख्खन. व्हॅलोरंट दीडशेच्या वर जातो पण स्मोक आणि मारामारी सुरू झाली की खाली येतो, सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) मध्ये तर हे जास्त जाणवतं. ज्या पोट्ट्यांना फक्त हेच दोन गेम खेळायचे आहेत आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे, त्यांनी झिऑनच्या भानगडीत पडूच नये. आय३-१२१००एफ नावाला चार कोअरचा आहे पण ४.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि नव्या पिढीचा आहे, तो या गेममध्ये माझ्या आठ कोअरला मागे टाकतो. रायझन ५ ५६०० तर त्याहून चांगला आणि वीज पण या झिऑनपेक्षा कमी खातो.

मग मी हेच काहून घेतलं? रॅममुळे. मला ऑफिसच्या कामासाठी दोन-तीन व्हर्च्युअल मशीन (एकाच पीसीच्या आत चालणारे आभासी पीसी) चालवाव्या लागतात, मामेभाऊ सुट्टीत येऊन रेंडर लावतो, आणि तेवढी रॅम नवीन घ्यायची तर तेव्हाच परवडत नव्हती. त्यानंतर तर एआयच्या मागणीमुळे नवीन रॅमचे भाव असे भडकले की विचारू नका, सर्व्हर रॅमचे पण चढले, पण माझी आधीच घेऊन झाली होती.

रॅम घेताना स्टिकर नीट वाचा. पीसी४-२४००टी असं लिहून पुढे आर असेल तर ती रजिस्टर्ड, यू असेल तर साधी डेस्कटॉपची, एल असेल तर लोड-रिड्यूस्ड. रजिस्टर्ड रॅम साध्या रायझनच्या किंवा आय५ च्या बोर्डात चालत नाही, कितीही वेळा काढून लावा, डिस्प्ले येणारच नाही. याच कारणाने मी घेतली तेव्हा ती साध्या रॅमपेक्षा स्वस्त मिळाली. या झिऑनना रॅमशी बोलायचे चार रस्ते, म्हणजे चार चॅनल असतात, म्हणून दोन मोठ्या स्टिकपेक्षा चार छोट्या घ्या. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळी राहते, बोर्ड रॅम तपासत असतो, घाबरून बटण दाबू नका. दुसरं म्हणजे या झिऑनच्या पोटात ग्राफिक नसतं, कार्ड लावल्याशिवाय काहीच दिसणार नाही.

माझ्या चारपैकी एक स्टिक मार्चअखेरीस एरर द्यायला लागली. पीसी बंद पडला नाही, ही ईसीसीची (सर्व्हर रॅममधल्या चूक-दुरुस्तीच्या सोयीची) कमाल आहे, एक बिट बिघडला तर ती तिथल्या तिथे दुरुस्त करते आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नोंद टाकते. मला एक मोठी फाइल कॉपी करताना जरा अडखळल्यासारखं वाटलं म्हणून तिथे पाहिलं तर मेमरीच्या दुरुस्त केलेल्या चुकांची रांग लागली होती. एकेक स्टिक लावून रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासायचा प्रोग्राम चालवला, नेमकी कोणती ते कळलं. विकणाऱ्याची टेस्टिंग वॉरंटी कधीच संपली होती, त्याने हात वर केले, मग तशीच एक दुसरीकडून घेतली. साध्या रॅमवर हेच झालं असतं तर निळी स्क्रीन येत राहिली असती आणि मी विंडोजला दोष देत बसलो असतो.

आता उन्हाळा. आमचं घर वरच्या मजल्यावर, स्लॅब दुपारभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो. नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की दुपारी खोलीत ४१-४२ असतंच. हा चिप १३५ वॉटचा आहे. डिसेंबरमध्ये खोली पंधरा अंशांवर होती तेव्हा गेममध्ये प्रोसेसर पंचावन्नवर असायचा. मेमध्ये खोली ४१ आणि प्रोसेसर ८१-८२. म्हणजे प्रोसेसरवरच्या कूलरने आपलं काम तेवढंच केलं, खोलीपेक्षा चाळीस अंश वर, दोन्ही वेळा. याचा अर्थ असा की दुसरीकडचे लोक जे तापमान सांगतात त्यात आपल्याकडच्यांनी खोलीचा फरक मिळवून घ्यायचा. छोट्या पंख्याचा स्वस्त कूलर लावू नका, चार हीटपाइपचा टॉवर कूलर लावा, आणि घेण्याआधी २०११ चं ब्रॅकेट चौकोनी आहे की अरुंद ते बोर्डशी जुळवून पाहा, सर्व्हर बोर्डांवर अरुंदच जास्त असतं.

प्रोसेसरपेक्षा मला काळजी बोर्डच्या व्हीआरएमची, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाची होती. या बोर्डांवर त्याच्यावर नावापुरता ॲल्युमिनियमचा तुकडा असतो, बोट लावलं तर टिकत नाही. त्याच्यावर झिपटायने ८० मिलिमीटरचा एक पंखा बांधला, तेव्हापासून दीर्घ रेंडरमध्ये स्पीड मध्येच पडणं बंद झालं. माझ्या मते हा पंखा ऐच्छिक नाही, नागपूर-अकोला-चंद्रपूरकडच्यांनी पहिल्या दिवशीच लावायचा. दुसरा उपाय फुकटचा. मॉनिटर ७५ हर्ट्झचा आहे तर गेमला ७५ एफपीएसची मर्यादा लावली, आणि ग्राफिक कार्डचं व्होल्टेज एएमडीच्याच सॉफ्टवेअरमधून थोडं उतरवलं. डोळ्याला फरक शून्य, आणि कॅबिनेटमागून येणारी गरम हवा स्पष्ट कमी झाली.

खोलीतल्या कूलरबद्दल पण सांगतो. कोरड्या मे महिन्यात कूलर खोली सात-आठ अंशांनी उतरवतो आणि त्याचा पीसीला सरळ फायदा होतो. पण कॅबिनेट कूलरच्या समोर ठेवू नका. ताट्यांमधून उडणारे थेंब आणि खाऱ्या पाण्याचा पांढरा थर दोन्ही आत जातात. आमचा पीसी कूलरच्या विरुद्ध भिंतीला, टेबलावर, जमिनीवर नाही. तरी दर महिन्याला ब्लोअर मारावा लागतोच, अंधड येऊन गेलं की लगेच.

वीज म्हणाल तर प्लगला मीटर लावून पाहिलं आहे. नुसतं डेस्कटॉपवर ऐंशी वॉटच्या आसपास, गेममध्ये अडीचशेच्या आसपास. म्हणजे चार तास खेळलं की एक युनिट. मला गेमचं नाही वाटत, पण दिवसभर ब्राउझर उघडा ठेवायला ऐंशी वॉट जास्तच आहेत, नवीन मशीनी याच्या निम्म्यात बसतात. जूनमध्ये वारा सुटला की आमच्याकडे लाइट जाते-येते, त्यामुळे एक केव्हीएचा यूपीएस लावला, त्याशिवाय हे मशीन चालवू नये असंच म्हणेन.

बोर्डच्या बारीकसारीक तक्रारी आहेत. स्लीप मोडमधून परत येत नाही, म्हणून स्लीप बंदच करून ठेवला. पंख्यांचा वेग बायोसमधून (बोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून) नीट कमी-जास्त होत नाही. बायोसचा अपडेट कुठे मिळेल याचा पत्ता नाही. आणि नाव एक्स९९ असलं तरी अशा बऱ्याच बोर्डांवर चिपसेट (बोर्डचा कारभार बघणारी चिप) बी८५, क्यू८७ असे जुन्या बोर्डांवरून काढून लावलेले असतात, तेव्हा घेण्याआधी चिपसेट विचारूनच घ्या.

यापेक्षा शांतता हवी असेल तर एचपी झेड४४० किंवा डेल टी५८१० सारखं पूर्ण वर्कस्टेशन सेकंडहँड घ्या. बोर्ड अस्सल, स्लीप चालतो, आवाज कमी. फक्त त्यांचा बोर्ड आणि पॉवर सप्लाय कंपनीच्याच मापाचे असतात, उद्या एक गेला तर बर्डीवरून साधा आणून लावता येत नाही. ग्राफिक कार्डला लागणारी आठ पिनची वायर त्यात आहे का आणि कार्डची लांबी बसते का, हे टेप घेऊन जाऊन मोजा.

विंडोजचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे खरं तर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यापुढे जादा सिक्युरिटी अपडेटची मुदत मर्यादितच. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे झिऑन नाहीत. आडमार्गाने टाकता येतं, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डच्या सुरक्षेच्या दोन सोयी) लागतो आणि या बोर्डांवर ते भरवशाचं नाही. मी दुसऱ्या एसएसडीवर लिनक्स टाकून ठेवलं आहे. स्टीमवरचे माझे बहुतेक गेम प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या स्टीमच्या सोयीवर) चालून राहिले, सीएस२ तर लिनक्सवर सरळ चालतो, व्हॅलोरंट मात्र तिथे चालत नाही. माझ्या भावाला तोच खेळायचा असतो, त्यामुळे विंडोजची एसएसडी अजून काढलेली नाही. पुढे कधी बोर्ड बदलायची वेळ आली तर ग्राफिक कार्ड, पॉवर सप्लाय, कूलर, एसएसडी सगळं नव्यात जाईल, प्रोसेसर आणि रॅम मामेभाऊ रेंडरसाठी मागूनच राहिला आहे.