‘ग्राउटिंगचं काम सबलेट देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध

ग्राउटिंग म्हणजे धरणाच्या दगडकामात भोकं पाडून दाबाने सिमेंटचं पातळ मिश्रण भरणं. त्यासाठी ग्राउट पंप आणि ड्रिलिंग मशीन बाळगणाऱ्या पेटी ठेकेदारांना, म्हणजे मुख्य ठेकेदाराकडून सबलेटवर काम घेणाऱ्यांना, एकाच साच्यातले फोन येतात. ‘ड्रिपचं काम आहे, वर्ल्ड बँकेचा पैसा आहे, मोठ्या कंपनीला लागलंय, ग्राउटिंग तुम्हाला देतो.’ हे ड्रिप म्हणजे ठिबक सिंचन नव्हे, धरण पुनर्वसन व सुधारणा प्रकल्प (DRIP). योजना खरी आहे, म्हणूनच माणूस फसतो. केंद्राने २०२० मध्ये धरण पुनर्वसनाच्या या योजनेच्या दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याला १०,२११ कोटी मंजूर केले. त्यात ७३६ धरणं, पैकी महाराष्ट्राची १६७. दलालाला हे आकडे तोंडपाठ असतात.

पुढचा क्रम ठरलेला. आधी व्हॉट्सअॅपवर कार्यारंभ आदेशाची पीडीएफ. तिच्यावर जावक क्रमांक, कार्यकारी अभियंत्याचा शिक्का, सगळं असतं. मग धरणावर एक फेरी. तिथे चौकीदाराने दलालाला नमस्कार केला की निम्मा विश्वास बसलाच. मग ‘परत मिळणारी’ अनामत: १ कोटी ८० लाखांच्या कामावर २ टक्के म्हणजे ३ लाख ६० हजार, आणि तेही कुणाच्या तरी बचत खात्यात! त्यानंतर विमा, गेटपास, करारनाम्याचा स्टँप. या रकमा लहान असतात, आणि आधीचे अडकलेले सोडवायचे म्हणून माणूस देत राहतो.

खोटेपणा बहुधा दरपत्रकातच सापडतो. दगडी धरणाच्या ग्राउटिंगमध्ये भोक पाडण्याचे पैसे रनिंग मीटरवर मिळतात आणि सिमेंटचे प्रत्यक्ष गेलेल्या वजनावर किंवा गोण्यांवर. बाबी वेगळ्या, कारण दगडकामात पोकळी किती हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. एक भोक दोन गोण्यांत बंद होतं, शेजारचं पंधरा पिऊनही दाब धरत नाही. ग्राउटिंगच्या आधी आणि नंतर पाण्याच्या दाबाची चाचणी होते, तिचीही बाब हवी. अशा एका बनावट कागदावर मात्र ‘ग्राउटिंग, सिमेंटसह, प्रति चौरस मीटर’ एवढी एकच ओळ होती. असलं अंदाजपत्रक कुठलाही शाखा अभियंता सहीला पुढे पाठवणार नाही. दुसरी खूण हंगामाची. पाण्याकडच्या बाजूचे सांधे खरवडून भरायचे तर जलाशय उतरलेला लागतो, म्हणजे उन्हाळा. ते पॉइंटिंग ऑगस्टमध्ये सुरू करायला सांगणाऱ्याने भरलेलं धरण पाहिलेलंच नसतं.

पडताळणी फुकट होते. टेंडर आयडी मागा. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या ई-निविदा संकेतस्थळावर, लॉगिन न करता ‘टेंडर स्टेटस’मध्ये तो टाकला की निविदा कोणत्या टप्प्यावर आहे ते दिसतं, आर्थिक लिफाफा उघडला असेल तर बोलीदारही कळतात. आयडी सापडला म्हणून हुरळून जाऊ नका. हुशार दलाल खऱ्या निविदेचाच आयडी देतो, ठेकेदाराचं नाव तेवढं बदलतो. नाव, रक्कम, विभाग तिन्ही जुळवा आणि मग आदेशाची प्रत घेऊन त्या विभागाच्या कार्यालयात स्वतः जा. पीडीएफवरच्या नंबरवर फोन लावू नका, तो त्यांचाच माणूस उचलतो. जावक नोंदवहीत तो क्रमांक नसेल तर विषय तिथेच संपला.

खरं सबलेटही तोंडी होत नाही. वर्ल्ड बँकेच्या निधीतल्या छोट्या बांधकामांच्या नमुना करारात उपठेकेदार लावायला प्रकल्प व्यवस्थापकाची मंजुरी लागते. ती तुमच्या फर्मच्या नावाने लेखी मागा. ती नसली तर मुख्य ठेकेदार अगदी खरा असूनही गोत्यात याल: मोजमाप त्याच्या नावावर चढतं, बिल त्याचं निघतं, विभागाच्या लेखी तुम्ही कुणीच नसता. मशीन हलवण्याआधी करारात एवढं तरी लिहून घ्या की रोज संध्याकाळी मीटर आणि गोण्यांच्या हिशेबावर दोन्हीकडच्या सह्या होतील.

पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आली तरच काही हाती लागतं. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला संदर्भ क्रमांक) तयार ठेवा, चॅट पुसू नका, आणि पीडीएफचा नुसता स्क्रीनशॉट न घेता मूळ फाइल जपा. ती कधी आणि कशावर बनवली याची नोंद बऱ्याचदा फाइलमध्येच असते.