पंधरा रुपयांचा सातबारा आणि आमचे चार एकर

मी धुळ्याला देवपुरात ब्लाऊज शिवते. आमचं गाव याच जिल्ह्यात, एसटीने दीड तासावर. वडील गेले तेव्हा शेताचे सगळे कागद एका पत्र्याच्या पेटीत निघाले, पण ते कधी कुणी उघडून वाचले नव्हते. भाऊ सुरतला कामाला असतो, म्हणून वारस नोंदीचं काम माझ्याकडे आलं. गेल्या दीड वर्षात सातबारा काढण्याच्या सरकारी ऑनलाइन सोयी मी इतक्यांदा वापरल्या की आता गल्लीतल्या बायका मलाच विचारायला येतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

सुरुवात महाभूलेख या सरकारी वेबसाइटपासून करा. विभाग नाशिक, जिल्हा धुळे, मग तालुका, गाव आणि गट नंबर एवढं भरलं की उतारा समोर येतो, पैसे लागत नाहीत. गट नंबर माहीत नसेल तर नावानेही शोधता येतं. मात्र हा उतारा फक्त बघण्यापुरता, बँकेत किंवा कोर्टात चालत नाही. तिथे डिजिटल सहीचा सातबारा लागतो. त्याला 15 रुपये पडतात, साइटवरच्या आपल्या खात्यात आधी थोडी रक्कम भरून ठेवायची आणि प्रत काढली की त्यातून वजा होते. त्या कागदावर वेगळा शिक्का किंवा पेनाची सही लागत नाही. मला हे माहीत नव्हतं तेव्हा एका दुकानदाराने याच एका कागदाचे माझ्याकडून दोनशे रुपये घेतले. त्या दिवशी मी दोन ब्लाऊज शिवून जेवढं कमावलं, तेवढं एका कागदात गेलं. म्हणून सांगते, आधी स्वतः काढून बघा.

पण उतारा हातात आला म्हणजे तो कळला असं नाही. सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र, गाव नमुना सात हा हक्काचा आणि बारा हा पिकांचा. बारावर कापूस, ज्वारी, मूग असं जे लावलं ते दिसतं, 2021 पासून ते ई-पीक पाहणीच्या ॲपवर शेतकऱ्यानेच भरायचं असतं. खरं डोकं लावायचं ते सातवर. भोगवटादार, म्हणजे जमीन धारण करणारा, वर्ग 1 की 2, हे पहिलं बघा. वर्ग 2 असेल तर जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि कुणी तुम्हाला ती विकत असेल तर तिथेच थांबा. मग नावं, क्षेत्र, पोटखराबा म्हणजे पिकाला न येणारी जमीन, आणि आकार म्हणजे सरकारी सारा. उजव्या बाजूला इतर अधिकार, तिथे सोसायटीचा बोजा म्हणजे गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाची नोंद, विहिरीतला हिस्सा असं काय काय असतं. वडिलांनी सोसायटीचं कर्ज फेडून किती वर्षं झाली होती, तरी बोजा तसाच उभा होता. कर्ज फिटलं की बोजा आपोआप उतरत नाही. सोसायटीचा दाखला जोडून तसा अर्ज द्यावा लागतो. तो आता ई-हक्क या सरकारी साइटवरून घरबसल्या देता येतो, आणि वारस नोंदीचा अर्जही तिथेच.

आता क्षेत्राची गोष्ट. ऑनलाइन उताऱ्यावर आमच्या गटाचं क्षेत्र होतं 1.26, म्हणजे 1 हेक्टर 26 आर. मी ते वाचलं आणि पुढे गेले. रात्री मशीनवर बसले तरी तो आकडा डोक्यातून जाईना. आमच्या घरात लहानपणापासून एकच वाक्य ऐकलंय, "आपलं वावर चार एकर." मी टेपवर काम करणारी बाई, बोटभर फरक पडला तरी बाही उसवावी लागते. म्हणून वही घेऊन हिशेब मांडला. एक एकर म्हणजे साधारण 40.47 आर. चार एकर म्हणजे 162 आर, म्हणजे 1 हेक्टर 62 आर. कागदावर 1.26 आणि घरात 1.62. सहा आणि दोन यांची जागा बदलली होती आणि त्यात 36 आर, म्हणजे जवळजवळ एक एकर, कागदावरून नाहीसं झालं होतं.

पेटी पुन्हा उघडली. तळाशी वडिलांनी तलाठ्याकडून घेतलेला हाताने लिहिलेला सातबारा होता. निळ्या शाईत, थोडा पुसट, पण आकडा स्पष्ट, 1.62. आणि एक गोष्ट दोन्ही कागदांवर सारखी होती, ती म्हणजे आकार. सरकारी सारा पैशापर्यंत तोच. जमीन खरंच कमी झाली असती, विकली असती किंवा वाटून दिली असती, तर आकारही कमी झाला असता आणि मधे एखादा फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, असता. तसं काहीच नव्हतं. हाताने लिहिलेलं संगणकात चढवताना कुणाची तरी नजर चुकली होती, एवढंच.

यावर उपाय आहे, तोही कायद्यात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 चं कलम 155 लिहिण्यातल्या चुका दुरुस्त करण्यासाठीच आहे, अर्ज तहसीलदारांकडे करायचा. सोबत जुना सातबारा द्यायचा आणि आकारबंदाचा उतारा. आकारबंद भूमी अभिलेख खात्याच्या तालुका कार्यालयात मिळतो, प्रत्येक गटाचं मोजलेलं क्षेत्र आणि आकार त्यात असतो, म्हणून क्षेत्राचा वाद तिथे मिटतो. मला एका टेबलावर सांगितलं गेलं की ऑनलाइन आहे तेच खरं. मी आकारबंद पुढे ठेवला आणि काही न बोलता उभी राहिले. काम झालं, पण पाच फेऱ्या झाल्या, आणि पाच दिवस माझी मशीन बंद राहिली. रोजावर जगणाऱ्या माणसाला पाच दिवस थोडे नसतात. आज नव्या उताऱ्यावर 1.62 आहे.

एवढ्यावर थांबले असते तर या लिखाणात अर्धीच गोष्ट राहिली असती. सातबाऱ्यावर नावाजवळ कंसात किंवा गोलात छोटे आकडे असतात, ते फेरफाराचे नंबर. लोक ते वाचतच नाहीत. माझं तर मत असं झालंय की सगळा सातबारा एकीकडे आणि ते आकडे एकीकडे. आज जमीन कुणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो, ती त्याच्याकडे कशी आली ते फेरफार सांगतो. आमच्या उताऱ्यावर इतर अधिकारात माझ्या दोन्ही आत्यांची नावं होती. मला वाटायचं, कधीतरी कर्जाला जामीन राहिल्या असतील.

जुने फेरफार बघायला 'आपले अभिलेख' ही सोय आहे. जुन्या नोंदवह्यांची पानं स्कॅन करून ठेवली आहेत, धुळे जिल्हाही त्यात आहे. नंबर टाकला, पैसे भरले, पान डाउनलोड केलं. 1969 सालची नोंद. आजोबा वारले, वारस मुलगा एक, मुली दोन. मुलग्याचं नाव कब्जेदार सदरी, म्हणजे जमीन धारण करणाऱ्याच्या रकान्यात, मुलींची इतर हक्कात, म्हणजे त्याच इतर अधिकारात. मुलींच्या नावापुढे वय लिहिलेलं, मोठीचं 19. खाली मंडळ अधिकाऱ्याची मंजुरीची सही. म्हणजे जामीन वगैरे काही नाही, त्या आजोबांच्या मुली म्हणून तिथे आहेत, आणि तेव्हापासून तिथेच आहेत. आमच्याकडे घराघरात मुलींची नावं अशीच उजव्या रकान्यात लिहिली गेली आणि घरातल्या कुणी ती वाचून दाखवली नाहीत. हे मला फार लागलं. बायांनो, माहेरचा सातबारा एकदा तरी स्वतः काढा आणि उजवी बाजू वाचा.

जमीन घेणाऱ्यांसाठी एक सांगते, कारण माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकीची यात फसगत होता होता वाचली. सातबारा हा महसुली कागद. त्यातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानतात, पण मालकीचा शेवटचा पुरावा तो नाही. खरेदीखत आणि सूची दोन, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघा, सूची दोन नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सापडते. नवा फेरफार लागला की हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस असते, ती 'आपली चावडी' या सरकारी साइटवर गाव निवडून बघता येते. मी महिन्यातून एकदा आमच्या गावाची चावडी बघते, पाच मिनिटं लागतात.

पेटीत याहून जुना एक कागद आहे, वर 'पश्चिम खानदेश' छापलेला. 1906 साली खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हापासून धुळ्याकडच्या भागाचं ते नाव होतं. त्याच्या मागचा मजकूर मोडीत आहे, मोडी वाचणारं माणूस शोधतेय.

या सगळ्या सोयींत मला एकच निवडायला सांगितली तर मी जुने फेरफार निवडीन, पाचपैकी पाच. मोठ्या आत्याला ते 1969 चं पान छापून नेऊन दिलं. ती चौथी शिकलेली, अक्षर लावून वाचते. चष्मा लावून आधी वडिलांचं नाव वाचलं, मग स्वतःचं, माहेरचं, लग्नाआधीचं. बराच वेळ बोट त्याच ओळीवर होतं. मग अहिराणीत म्हणाली, "आखो एक काढ बेटा, मना पोऱ्याले दाखाडाना शे." म्हणजे, अजून एक काढ, माझ्या मुलाला दाखवायचं आहे.