विश्रामबागेतील पायथन वर्ग : 'अँड' आणि 'ऑर' कागदावर सोडवताना

मार्केट यार्डातील हळदीच्या एका अडत दुकानात मी दिवाणजी आहे. सौद्यांच्या नोंदी चाळण्यापुरता प्रोग्राम स्वतः लिहिता यावा, या हेतूने मी सांगलीत विश्रामबागेतील एका वर्गात सहा रविवार पायथन ही संगणकभाषा शिकलो. त्यापूर्वी मी लिहिलेली अट होती : वाण == "राजापुरी" ऑर "सेलम". या अटीतून यार्डातली झाडून सगळी हळद निवडली जाई आणि कारण काही केल्या उमगत नसे.

वर्गातील सरांनी दुसऱ्याच रविवारी संगणक बंद ठेवायला सांगून ही अट कागदावर मांडली आणि प्रत्येक तुकड्याखाली त्याची किंमत, म्हणजे तो खरा की खोटा ते, लिहायला लावली. 'वाण राजापुरी किंवा सेलम असेल तर' हे बोलताना बरोबर वाटते. पण पायथन 'ऑर'च्या उजवीकडे नुसता "सेलम" हा शब्द पाहतो आणि रिकामी नसलेली कोणतीही अक्षरमाला खरी मानतो, त्यामुळे संपूर्ण अट कायम खरीच ठरते.

डावी बाजू खोटी निघाली की 'अँड' तिथेच थांबतो, हेही असेच कागदावर दिसले. पोती > 0 अँड वजन / पोती > 50 या अटीत पोती शून्य असतील तर भागाकार होतच नाही. बाजूंची अदलाबदल केली, तर तोच प्रोग्राम शून्याने भागल्याची चूक दाखवून बंद पडतो.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो हमालीचा धडा. सी या दुसऱ्या संगणकभाषेत 'ऑर'च्या अटीचे उत्तर 0 किंवा 1 येते, पायथनमधील 'ऑर' मात्र डावी किंमत खरी असेल तर तीच, नाहीतर उजवी किंमत जशीच्या तशी परत देतो. म्हणून नोंद राहिली असल्यास नेहमीचा दर धरावा, या विचाराने मी हमाली ऑर 12 असे लिहिले होते. परंतु शेतकऱ्याने स्वतःची माणसे आणून माल उतरवला की हमाली खरोखरच शून्य असते, आणि शून्यही खोटे मानले जात असल्याने त्याच्या पट्टीत प्रत्येक पोत्यामागे 12 रुपये लागले असते. शेतकऱ्याच्या पैशाचा प्रश्न असल्याने मी त्याच रात्री ती ओळ बदलली. आता नोंद 'नन', म्हणजे भरलेलीच नाही, अशी आहे का, एवढेच तपासतो.

उणिवाही आहेत. 'नॉट' आधी, मग 'अँड' आणि शेवटी 'ऑर' हा अट सोडवण्याचा क्रम सरांनी पंधरा मिनिटांत उरकला. वाण == "राजापुरी" ऑर वाण == "सेलम" अँड दर > 15000 या अटीत दराची मर्यादा फक्त सेलमला लागते, राजापुरी कोणत्याही दराने आत येते, आणि कंस घातल्याशिवाय ते टळत नाही; हे मला घरी करून पाहावे लागले. एका संगणकावर दोघे बसतात. टिपणे केवळ इंग्रजीत आहेत. ती मराठीत मिळाली, तर यार्डातील आणखी दोन दिवाणजी पुढच्या तुकडीला यायला तयार आहेत, असे मी सरांना कळवले आहे.