सी लायब्ररीत लॉगच्या कॅटेगरी: बिटमास्क, टॅग की नोंदवलेली कॅटेगरी?

समजा, तुम्ही सी भाषेत एक लायब्ररी लिहिताय. हिंगणघाटकडच्या एखाद्या जिनिंगमध्ये धरमकाट्याचं वजन सिरियल पोर्टवरून घ्यायचं, त्याला कापसाच्या ओलाव्याचा आकडा जोडायचा आणि पावतीच्या प्रोग्रामला द्यायचा, एवढंच तिचं काम. ऐन हंगामात फाटकाबाहेर गाड्यांची रांग आणि फोन येतो: "भाऊ, काटा आकडा देऊन नाही राहिला." दोष वायरीत, बॉड रेटमध्ये (सिरियल पोर्टच्या वेगात) की तुमच्या पार्सरमध्ये, म्हणजे आलेल्या बाइट्समधून वजन काढणाऱ्या भागात? सगळाच लॉग (प्रोग्राम चालताना लिहितो त्या नोंदी) सुरू केला तर सिरियलच्या बाइट्समध्ये कामाची ओळ बुडते. म्हणून कॅटेगरी हव्यात: सिरियल, पार्सर, ओलावा, नेटवर्क. त्या कशा मांडायच्या हे ठरवताना मी आधी एक बघतो: काट्यावरचा माणूस फोनवर ऐकून हवी ती कॅटेगरी चालू करू शकेल का?

सगळ्यात स्वस्त बिटमास्क, म्हणजे प्रत्येक कॅटेगरीला एक बिट. 32 बिटांच्या एका संख्येत 32 कॅटेगरी, तपासणी म्हणजे एक अँड. पण फोनवर "4 आणि 16 मिळवा, 20 टाका" असं सांगावं लागतं. शिवाय बिट फक्त चालू-बंद ओळखतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि 12 च्या वर माल घेतच नाहीत. वाद तिथेच होतात, म्हणून ओलाव्याची माहिती कायम लॉगमध्ये हवी, सिरियलच्या मात्र फक्त चुका. एका मास्कमध्ये हे बसत नाही.

क्रमांक देऊन प्रत्येक कॅटेगरीची पातळी (फक्त चुका छापायच्या की बारीक तपशीलही) ॲरेत ठेवली की हे सुटतं. गेमसाठी वापरल्या जाणाऱ्या एसडीएल या लायब्ररीत असंच आहे. अडचण पुढे येते: यादीच्या मध्येच नवी कॅटेगरी घुसवली तर पुढचे क्रमांक सरकतात, आणि जुन्या हेडरवर कंपाइल झालेला प्रोग्राम ओलावा मागतो तर त्याला पार्सर मिळतो. एसडीएलने काही क्रमांक राखून ठेवले आहेत आणि ॲप्लिकेशनच्या कॅटेगरी त्यांच्यापुढून सुरू होतात. तुम्ही निदान नवं नाव शेवटीच जोडा.

टॅगची पद्धत ईएसपी-आयडीएफ (ईएसपी32 या छोट्या वायफाय चिपसाठीचं सॉफ्टवेअर किट) वापरणाऱ्यांना ठाऊक आहे. फाइलच्या माथ्यावर टॅगचं नाव, आणि चालू असताना त्या नावाने पातळी बदलता येते. मधली यादी लागत नाही. मात्र नाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर कुणी ओरडत नाही, लॉग नुसता गप्प राहतो. शेतात ईएसपी32 चा नोड लावणार असाल तर ही सोय आयती आहे, तिथे दुसरी यंत्रणा उभारू नका. कमाल पातळी कंपाइल करतानाच खाली ठेवली तर त्यावरच्या ओळी बायनरीतच येत नाहीत.

पीसीवरच्या लायब्ररीसाठी माझं मत जीस्ट्रीमर या ऑडिओ-व्हिडिओ लायब्ररीच्या पद्धतीला. प्रत्येक कॅटेगरी म्हणजे नाव आणि पातळी असलेलं एक स्ट्रक्चर. सुरुवातीला ते नोंदवायचं, आत सगळीकडे त्याचा पॉइंटर वापरायचा. बाहेरून मात्र नावानेच बोलायचं: "*:2,पार्सर:5" म्हणजे सगळ्यांना 2, पार्सरला 5. जीस्ट्रीमर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतो. जिनिंगमधला पीसी बहुधा विंडोजचा, तिथे व्हेरिएबल कुठे टाकायचं हे समजावण्यातच रांग दुप्पट होते. त्यापेक्षा हीच ओळ पावतीच्या प्रोग्रामने आपल्या फोल्डरातल्या टेक्स्ट फाइलमधून वाचून लायब्ररीला द्यावी. फाइल व्हॉट्सॲपवर पाठवता येते, लॉगही तसाच परत येतो. (म्हणूनच शेतकऱ्याचा खाते क्रमांक कुठल्याच कॅटेगरीत छापू नका.)

किंमत आहेच. नोंदणीआधी आलेल्या ओळींचं काय करायचं ते ठरवावं लागतं. स्ट्रक्चरला स्टॅटिक सुरुवातीची पातळी दिली तर भागतं. एक थ्रेड पातळी बदलत असताना दुसरा ती वाचतो, म्हणून ती ॲटॉमिक ठेवा, म्हणजे अर्धवट बदललेली किंमत कुणाला दिसणार नाही. सगळ्यात सैल, म्हणजे रिलॅक्स्ड वाचन पुरतं. पातळीची तपासणी मॅक्रोमध्येच व्हावी, नाहीतर कॅटेगरी बंद असतानाही बाइट्सचा हेक्स डंप तयार होत राहतो. उलट बाजू अशी की लॉगच्या आर्ग्युमेंटमध्ये काउंटर वाढवलात तर लॉग बंद असताना तो वाढणारच नाही.

तयार काही घ्यावं का? युनिक्स-लिनक्सवरच्या सिसलॉग या लॉग यंत्रणेत तीव्रतेच्या 0 ते 7 पातळ्या छान आहेत, पण त्याच्या 24 फॅसिलिटी (लॉगचे ठरलेले गट) मेल, क्रॉन अशा कामांच्या. स्वतःसाठी मोकळ्या आठच. त्यातून लॉग कुठल्या सेवेचा ते कळतं, तुमच्या लायब्ररीच्या कुठल्या भागाचा ते नाही. आणि ओपनलॉग हे त्याचं सुरुवातीचं फंक्शन अख्ख्या प्रोसेसला लागू होतं, लायब्ररीने ते बोलावलं की ॲप्लिकेशनने दिलेलं नाव पुसलं जातं. झेडलॉग ही सीमधली लॉगची लायब्ररी स्वतंत्र प्रोग्रामसाठी चांगली. लायब्ररीत घातलीत तर वापरणाऱ्याच्या गळ्यात तिची कॉन्फिग फाइलही येते. जीलिब ही सीची सर्वसाधारण लायब्ररी आधीच वापरात असेल तर तिचे लॉग डोमेन (प्रत्येक लायब्ररीच्या लॉगचं वेगळं नाव) घ्या, फक्त लॉगसाठी ती ओढू नका.

काहीही निवडलंत तरी लायब्ररीने स्वतः फाइल उघडू नये की स्क्रीनवर छापू नये. वापरणाऱ्याने कॉलबॅक (लायब्ररीने प्रत्येक ओळीला बोलवायचं त्याचं फंक्शन) द्यावा, तो नसेल तर गप्प राहावं. त्या कॉलबॅकच्या फंक्शनला जीसीसी कंपाइलरचं प्रिंटएफ फॉरमॅट ॲट्रिब्यूट (फॉरमॅट आणि आर्ग्युमेंट जुळतात का ते तपासायला लावणारी खूण) देता येत नसेल, कारण त्याला तयार ओळच जाते, तर ते आतल्या लॉग फंक्शनला द्या. %डी च्या जागी %एस लिहिलं तर कंपाइलर तिथेच सांगतो. आणि कॉलबॅक बोलावताना हातात लॉक धरू नका: पावतीचा प्रोग्राम त्यातूनच पुन्हा तुमची लायब्ररी बोलावेल आणि काटा खरोखरच अडकेल.