खणांचा दुमजली पलंग: दोन मुलांच्या खोलीतला अनुभव

दोन्ही मुलांच्या सामायिक खोलीसाठी घेतलेल्या या पलंगाने जमीन खरोखरच मोकळी केली. खालचे दोन मोठे खण चाकांवर सरकत असल्यामुळे धाकटीही आपले कपडे स्वतः काढते-ठेवते. मात्र ते पूर्ण उघडण्यासाठी पलंगासमोर खणाच्या लांबीइतकी रिकामी जागा लागते, आणि मोजमाप घेताना ती धरली नसल्याने आम्हाला अभ्यासाचे टेबल हलवावे लागले. पायऱ्यांमधले कप्पे मला सर्वाधिक आवडले. वरचा कठडा गादीपेक्षा किमान 5 इंच उंच राहायला हवा. आमच्या जाड गादीमुळे ती उंची उरत नव्हती, म्हणून पातळ गादी घेतली. 6 वर्षांखालील मुलाला वर झोपवू नये, त्यामुळे धाकटी सध्या खालीच झोपते.